आधी पुठ्ठा, मग प्रिंटर: विद्यार्थ्यांनी प्रॉडक्ट कसं घडवावं

सेमिस्टरच्या सुरुवातीला विद्यार्थी माझ्याकडे विषय घेऊन येतात, तो बहुतेक वेळा फार मोठा असतो. ‘वृद्धांचं आरोग्य’, ‘प्लॅस्टिकचा कचरा’, ‘स्मार्ट घर’. मी एवढंच विचारते: माणूस कोण, तो काय करतोय, आणि नेमका कुठे अडतोय? याचं उत्तर एका वाक्यात येईपर्यंत आकार काढायला बसू नका. ‘वृद्धांचं आरोग्य’ यावर वस्तू बनत नाही. ‘बोटांची सांधेदुखी असलेल्या आजींना स्ट्रिपमधून गोळी काढता येत नाही’ यावर बनते.

हेच उदाहरण पुढे चालवू.

आजींना विचारलंत तर त्या म्हणतील, ‘काही त्रास नाही, होतं माझं.’ म्हणून विचारण्याआधी बघा. परवानगी घेऊन फक्त हातांचा व्हिडिओ काढा. मग दिसेल की अंगठा वापरलाच जात नाही, कात्रीचं टोक वापरलं जातंय. गोळी उडून जमिनीवर जाते आणि ती शोधायला वाकणं हा वेगळाच त्रास आहे. पारदर्शक फुगा असलेल्या स्ट्रिपमध्ये गोळी दिसते. दोन्ही बाजूंनी अ‍ॅल्युमिनियम असलेल्या स्ट्रिपमध्ये घर रिकामं आहे की भरलेलं, ते चाचपून बघावं लागतं. लोकांनी स्वतः शोधलेले असे जुगाड म्हणजे तुमच्या प्रोजेक्टचा कच्चा माल. ते सगळे टिपा. हा टप्पा मुलं दोन दिवसांत उरकतात, त्याचं मला फार वाईट वाटतं, कारण पुढचे सगळे निर्णय इथूनच येतात.

‘एवढ्या थोड्या लोकांसाठी कशाला?’ ही शंका हमखास येते. अमेरिकी उद्योजक सॅम फार्बर यांची पत्नी बेट्सी यांना संधिवात होता, सोलाणं धरताना हात दुखायचा. त्यातून जाड, मऊ मुठीची ‘ऑक्सो गुड ग्रिप्स’ ही साधनं 1990 मध्ये बाजारात आली, आणि हात ठणठणीत असलेल्यांनीही ती घेतली. एका माणसाची अडचण नीट सोडवली की ती इतरांच्याही कामी येते.

स्केचेसबद्दल थोडंच सांगते. जाड पेन घ्या, खोडरबर नको, आणि प्रत्येक चित्रात वस्तूबरोबर हातही काढा. हात काढला नाही की मापं हमखास चुकतात.

आता पुठ्ठा. पहिलं मॉडेल ज्या दिवशी कल्पना सुचली त्याच दिवशी करा. ‘पाम पायलट’ हा खिशात मावणारा छोटा कॉम्प्युटर बनवण्याआधी त्याचे जनक जेफ हॉकिन्स लाकडाचा एक ठोकळा खिशात घालून फिरत आणि काडीने त्यावर लिहिल्यासारखं करत. खिशात मावतो का, दिवसभरात कधी बाहेर काढावासा वाटतो, हे त्या ठोकळ्यानेच कळलं. तुमच्याही प्रत्येक मॉडेलवर मार्करने एक प्रश्न लिहा. ‘तळहाताने दाबता येतं का?’ ‘गोळी कुठे पडते?’ ज्या मॉडेलवर प्रश्न लिहिता येत नाही ते करूच नका, ती नुसती सजावट होते.

समजा तरफ वापरायची ठरली. टेकूपासून गोळीपर्यंत 20 मिमी आणि हातापर्यंत 80 मिमी ठेवलंत तर घर्षण सोडून जोर एक चतुर्थांश लागेल, पण हाताला चौपट अंतर खाली जावं लागेल. गोळी 5 मिमी ढकलायची तर हात 20 मिमी खाली. ताठ झालेली बोटं तेवढी उघडतात का? हे कागदावर सुटत नाही. पुठ्ठ्याच्या पट्ट्या आणि टाचणी घेऊन तीन लांबीच्या तरफा करा आणि आजींच्या हातात द्या.

दिसणारं मॉडेल आणि चालणारं मॉडेल बराच काळ वेगळं ठेवा. चालणारं कुरूप असू दे. दिसणारं फोममध्ये कापा, सँडपेपरने घासा, मुठीत धरून बघा. दोन्ही एकत्र आणायची घाई केली की यंत्रणा आणि रूप दोन्ही अर्धवट राहतात.

थ्रीडी प्रिंटर यानंतर. प्रिंट थरांच्या जोडावर सहज तुटते, म्हणून तरफ उभी नव्हे, आडवी प्रिंट करा. एकमेकांत सरकणाऱ्या भागांमध्ये सुरुवातीला 0.2 ते 0.3 मिमी फट ठेवा, आणि अख्खी वस्तू काढण्याआधी फक्त सांध्याचा छोटा तुकडा काढून बघा. पीएलए हे प्रिंटरमध्ये नेहमी वापरलं जाणारं प्लॅस्टिक सुमारे 60 अंश सेल्सिअसला मऊ पडतं, तेव्हा मॉडेल उन्हातल्या गाडीत ठेवू नका. लेझर कटरमध्ये पीव्हीसी कधीही घालू नका. त्यातून विषारी वायू निघतो आणि मशीनही गंजतं.

गोळीची आठवण करून देणारा बझर हवाय? आधी सर्किट नको. मित्राला पडद्याआड बसवा आणि ठरल्या वेळी त्याला घंटी वाजवू दे. आजी आवाजाने दचकल्या किंवा त्यांना तो ऐकूच आला नाही, तर कोड लिहिण्याचे कष्ट वाचले.

चाचणीला खरी औषधं घेऊ नका. च्युइंग गमच्या गोळ्याही अशा स्ट्रिपमध्ये मिळतात. वस्तू हातात द्या, ‘एक गोळी काढून द्या’ म्हणा आणि गप्प बसा. हे गप्प बसणं सगळ्यात अवघड जातं. हात पहिल्यांदा कुठे जातो ते लिहा. ‘आवडलं का?’ विचारू नका, समोरचा प्रेमाने हो म्हणणारच. पाच-सहा जणांकडे एकच चूक पुन्हा पुन्हा दिसली की ती वस्तूची आहे, त्यांची नव्हे. दुरुस्त करताना एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही.

शेवटच्या आठवड्यात नवं फीचर घेऊ नका. प्रायमर वाळायला, पुन्हा घासायला आणि रंगाचे पातळ हात द्यायला ते दिवस लागतात. सादरीकरणाच्या टेबलावर अंतिम मॉडेलशेजारी प्रश्न लिहिलेली पुठ्ठ्याची मॉडेल्सही मांडा. परीक्षकाने ‘तरफ एवढीच लांब का?’ असं विचारलं तर उत्तर म्हणून त्या तीन तरफा त्याच्या हातात देता येतील.