पोटासाठी किमची लावताना

दक्षिण कोरियातल्या सुवॉनला राहायला आल्यापासून गावाकडून एकच प्रश्न येतो : "किमची खाल्ली की आतड्याची सूज उतरते का गं?" किमची म्हणजे इथला मीठ-मिरची लावून आंबवलेला कोबी; तिने सूज उतरतेच असं मी सांगणार नाही. स्टॅनफर्डच्या २०२१ च्या अभ्यासात ३६ निरोगी माणसांचे दोन गट केले होते. ज्या गटाने १० आठवडे दही, केफिर (आंबवलेलं पातळ दूध), किमची असे आंबवलेले पदार्थ भरपूर खाल्ले, त्यांच्या आतड्यातल्या जिवाणूंची विविधता वाढली आणि रक्तातली दाहाशी संबंधित १९ प्रथिनं कमी झाली. पण ती माणसं आजारी नव्हती, आणि खाणं नुसत्या किमचीचं नव्हतं. तेव्हा औषध म्हणून नको, पानात डावीकडे वाढा.

दोन किलोचा लांबट चायनीज कोबी उभा चिरा, पानापानांत पाव किलो खडे मीठ भुरभुरा. सहा-आठ तास ठेवा, मधूनमधून उलटा. आमच्या घरमालकीण हालमोनी, म्हणजे आजीच, घड्याळ बघत नाहीत. पांढरा दांडा दुमडून बघतात. न मोडता वाकला, की झालं. मग तीन पाण्यांनी धुवा आणि पालथा घालून निथळू द्या. इथे घाई केली तर किमची पाणचट होते.

चिकट तांदळाच्या पिठाची पातळ पेज करून गार करा. त्यात वाटीभर गोचुगारु (कोरियन जाडसर लाल मिरचीपूड), दहा-बारा लसूण पाकळ्या, आलं, मुळ्याचा कीस, पातीचा कांदा, दोन चमचे खारवलेली बारीक कोळंबी. गोचुगारु नसेल तर ब्याडगी, बिया काढून जाडसर कुटलेली; बारीक लाल तिखट नको. शाकाहाऱ्यांनी कोळंबी खुशाल गाळावी. कोरियातल्या बौद्ध मठांत तर लसूण-कांदाही घालत नाहीत, आणि ती किमचीही झकास लागते.

हा मसाला पानापानाला चोळून बरणीत दाबून भरा, वर चार बोटं जागा सोडा. एक-दोन दिवस बाहेर, मग फ्रिजमध्ये. सुरुवातीला ल्युकोनोस्टॉक जातीचे जिवाणू कामाला लागतात, ते कार्बन डायऑक्साइड सोडतात; म्हणून रस जिभेवर चुरचुरतो आणि झाकण उघडताना फुस्स होतं. आंबटपणा चढला की लॅक्टोबॅसिलसचं कुळ पुढे सरसावतं. दोन-तीन आठवड्यांची मला सगळ्यात आवडते.

जिवंत जिवाणू पोटात जावेत असं वाटत असेल तर कच्चीच खा. जास्त मुरलेल्या किमचीचं जिगे, म्हणजे रटरटतं कालवण, अप्रतिम होतं, पण उकळीत जिवाणू मरतात. मीठ बरंच असतं, म्हणून रक्तदाब असलेल्यांनी चार-पाच फोडींवर थांबावं. आतड्याचा आजार उसळलेला असताना किंवा प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना आधी डॉक्टरांना विचारा. एवढं तिखट आणि लसूण तेव्हा पोटाला झेपेलच असं नाही.