हाताखाली नवा पोरगा घेताना माप तोंडी देऊ नका

पहिल्यांदाच हाताखाली शिकाऊ पोरगा घेणाऱ्या मिस्त्रींसाठी हे लिहितोय. प्लाय, मायका, चॅनेल यांतलं काही सांगायची गरज नाही. आजवर माप तुमच्या डोक्यात होतं आणि कापणारा हातही तुमचाच होता. आता कापणारा दुसरा आहे. सगळा घोळ तिथेच होतो.

ड्रॉवरचंच घ्या. कपाटाचा आतला गाळा ४५० मिमी. ड्रॉवर ज्यावर सरकतो त्या साध्या टेलिस्कोपिक चॅनेलला दोन्हीकडे मिळून २६ मिमी जागा लागते, म्हणजे ड्रॉवरचा खोका बाहेरून ४२४. तुम्ही शिडीवरून ओरडता, "चारशे चोवीस घे रे!" पोरगा इमानदारीत ४२४ ची पट्टी कापून आणतो. ती चूक त्याची म्हणायची का? बाजू १८ मिमी प्लायच्या आणि समोरची-मागची पट्टी त्यांच्या मधे बसणार, म्हणजे कापायची होती ३८८. खोक्याला बाहेरून १ मिमीचा मायका लागणार असेल तर ३८६. शिवाय गाळा मोजताना आत मायका लागला होता का? ०.८ चा दोन्हीकडे नंतर लावलात की गाळाच १.६ मिमीने आकसतो. एवढा हिशोब त्या एका आकड्यात पोराला कुठून दिसणार?

खोका दोन-तीन मिमी लहान झाला तर चॅनेलमागे मायक्याची पट्टी घालून निभावतं. दोन मिमी मोठा झाला तर चॅनेल अडकतं, आणि खोका उघडण्यावाचून गत्यंतर नाही.

म्हणून माप लाकडावर द्या. ६ मिमी प्लायची दोन इंच रुंद पट्टी काढा, तिच्यावर टोकदार पेन्सिलीने गाळा, खोका बाहेरून आणि मधली पट्टी अशा तीन खुणा करा आणि प्रत्येकीपुढे नाव लिहा. पोराने ती पट्टी प्लायवर ठेवायची, खूण उतरवायची. गाळा पुढे आणि मागे दोन्हीकडे मोजा, कमी भरेल ते धरा. पहिले काही आठवडे त्याला टेप देऊच नये या मताचा मी आहे. बरेच मिस्त्री हसतात, हसू देत.

टेप दिलीत तर तुमची आणि त्याची एकाच फळीवर मीटरभर लावून ताडून बघा. टोकाची पत्ती हलते ती मुद्दाम ठेवलेली असते. ती स्वतःच्या जाडीइतकीच सरकते, म्हणून आतून टेकवा की बाहेरून अडकवा, माप बरोबर येतं. नवी पोरं हातोडीने ठोकून ती घट्ट करतात. ती टेप मग मापाला भरवशाची राहत नाही. सूत आणि मिमी एकाच कामात मिसळू नका. इंचाला आठ सूत, म्हणजे एक सूत तीन मिमीहून जरा जास्त. एवढ्या फरकात शटर, म्हणजे कपाटाचं दार, घासतं.

पातं सुमारे ३ मिमी लाकूड खातं. २४४० च्या शीटमधून ६१०चे चार तुकडे निघत नाहीत. तीन कापांत ९ मिमी जातात, ६०७ धरा. टाकाऊ बाजूला फुली मारायला लावा, नाहीतर पोरगा रेघेच्या भलत्याच बाजूने कापतो.

मशीनबद्दल मात्र दयामाया नको. गार्ड काढलेला कटर त्याच्या हातात द्यायचा नाही, पातं बदलताना प्लग बाहेर, हातमोजे घालून टेबल सॉजवळ जायचं नाही. पातं हातमोजा ओढून घेतं, सोबत बोटंही.

बाकी तो शिकतो, घाबरू नका. "बघून शीक" म्हणून गप्प बसणारे उस्ताद मला कधी पटले नाहीत. कारण सांगितलं की पोरगा लवकर तयार होतो. वाया गेलेला तुकडा त्याच्या मजुरीतून कापू नका. कापलात तर पुढचा मोठा झालेला खोका तो न बोलता दाबून बसवेल, आणि तुम्हाला ते कळेल गिऱ्हाइकाने ड्रॉवर ओढल्यावर.