मोटर फिरते, पण पाणी निम्मंच

निपाणीजवळ वेदगंगेकाठी आमचा ऊस आहे. डीपीची (ट्रान्सफॉर्मरच्या वीजपेटीची) दुरुस्ती झाली त्या संध्याकाळी पाच एचपीची मोटर चालू केली. आवाज नेहमीचाच, पण पाटात पाणी निम्मंच. आण्णा म्हणाले, "फूटव्हॉल्व्हात कचरा अडकला असंल, बघ की." नदीत उतरलो, पाइपाच्या पाण्यातल्या टोकाला असलेल्या त्या व्हॉल्व्हची जाळी स्वच्छ होती.

मग मोटर बंद केली आणि ती थांबत येताना मागच्या पंख्यावर बॅटरी मारली. पाती मोटरीवरच्या दिशेच्या बाणाच्या उलट फिरत होती!

थ्री फेजच्या तीन तारांत करंट एकदम चढत नाही, 120 अंशांच्या अंतराने एकामागून एक चढतो. त्यामुळे स्टेटरमधलं, म्हणजे मोटरीच्या स्थिर भागातलं, चुंबकीय क्षेत्र गोल फिरतं आणि रोटरला, म्हणजे आतल्या फिरणाऱ्या भागाला, ओढत नेतं. 50 हर्ट्झवर दोन पोलच्या मोटरीत त्या क्षेत्राचे मिनिटाला 3000 फेरे होतात. आमच्या मोटरीच्या पाटीवर 2880 आहेत. हा फरक म्हणजे स्लिप. तो नसेल तर रोटरमध्ये करंटच तयार होणार नाही. दुरुस्तीत दोन फेजांची अदलाबदल झाली की क्षेत्र उलटं फिरतं. सेंट्रिफ्युगल पंप उलटा फिरूनही थोडं पाणी देतोच, म्हणून फसायला होतं.

मेन स्विच पाडला, फ्यूज काढून खिशात ठेवले, टेस्टरने तिन्ही तारा तपासल्या. मग स्टार्टरमधून मोटरकडे जाणाऱ्या दोन तारा आलटून पालटून घट्ट आवळल्या. तिसरीला हात लावायचा नाही.

पाट भरून वाहिला. मोटर उलटी फिरतेय असं वाटलं तर लगेच बंद करा. काही पंपांत आट्यांवर बसवलेला इंपेलर (पाणी ढकलणारं आतलं चाक) सुटतो.