बांगड्याला तिरफळ, आंबोळीला काळे वाटाणे: कोकणातल्या जोड्या घरी कशा जमवायच्या

गणपतीला गावी आलेली मंडळी मुंबई-पुण्याला परत पोचली की आठवड्याभरात मला फोन सुरू होतात, काकी तिखलं (माशाचं दाट, तिखट कालवण) कडू झालं, काकी सोलकढी फुटली, पातोळ्यांना तो वासच नाही येत. विचारत गेलं की कळतं, जिन्नस सगळे बरोबर घेतलेले असतात, पण जोडीतला दुसरा जिन्नस कधी घालायचा नि कसा घालायचा तेच कोणी सांगितलेलं नसतं. म्हणून आमच्या मालवणकडच्या जोड्या एकदा नीट लिहून काढतेय, रायगड जिल्ह्यातली एक पण आहे.

सुरुवात बांगडा आणि तिरफळापासून. बांगडा तेलकट मासा, वास उग्र, तारलीचं पण तसंच, आणि तिरफळाला लिंबाच्या सालीसारखा वास नि जिभेला हलक्या मुंग्या आणणारी चव असते, ती त्या तेलकटपणाला बरोबर कापते. पापलेट-सुरमईत मात्र तिरफळ घालू नका, माशाची स्वतःची नाजूक चव मरून जाते. ओली हिरवी तिरफळं पावसाळा सरताना बाजारात येतात, एरवी सुकीच मिळतात. सुकी घेतली की फुटलेल्या टरफलातली काळी चकचकीत बी काढून टाका, वापरायचं ते टरफल. आणि मिक्सरला अजिबात लावायचं नाही हो, बहुतेकांचं तिखलं इथेच कडू होतं. माझी सासू म्हणायची, "गो बाय, तिरफळा वाटूची नसतत, चेचूची."

चार बांगड्यांना १०-१२ तिरफळं पुरे. बांगडे साफ करून तुकडे करा, मीठ-हळद लावून ठेवा. ८-१० भिजवलेल्या ब्याडगी मिरच्या, चमचाभर धणे आणि मूठभर ओलं खोबरं बारीक वाटा, मातीचं भांडं असेल तर त्यातच वाटप नि अर्धी वाटी पाणी उकळवा, उकळी आली की मासे, चेचलेली तिरफळं आणि ५-६ आमसुलं एकदमच टाका. आमसूल इथे नुसतं आंबटाला नसतं, माशाचा वास आंबटाने दबतो, म्हणून ते विसरलात तर तिरफळ एकटं पुरं पडत नाही. डावाने ढवळू नका, तुकडे मोडतात, भांडं दोन्ही बाजूंनी फडक्याने धरून नुसतं हलवायचं. ८-१० मिनिटांत होतं, गॅस बंद करून वरून चमचाभर कच्चं खोबरेल सोडा आणि अर्धा तास तरी झाकून ठेवा, दुसऱ्या दिवशी तर आणखी छान लागतं. मासे न खाणाऱ्यांच्या घरी खतखत्याला, म्हणजे मिसळ भाज्यांच्या कालवणाला, पण तिरफळ लागतंच, पद्धत तीच, चेचून.

आता सोलकढी, म्हणजे नारळ आणि कोकम. एका नारळाचं खोबरं, ३-४ लसूण पाकळ्या, एक हिरवी मिरची कोमट पाण्यात वाटून दोनदा रस काढा. ८-१० आमसुलं अर्धी वाटी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवून चांगली कुस्करून गाळा. कोकमाचं पाणी पूर्ण गार झालं की मगच नारळाच्या रसात घालायचं, थोडं थोडं, ढवळत. गॅसवर ठेवायची नाहीच, आंबट आणि उष्णता एकत्र आली की नारळाचा रस फुटतो. आगळ, म्हणजे कोकमाचा खारवलेला रस, वापरत असाल तर त्यात आधीच भरपूर मीठ असतं, म्हणून मीठ सगळ्यात शेवटी, चव बघून. रंग फिकट गुलाबी यायला हवा, बाटलीतली भडक जांभळी दिसली की मी तरी घेत नाही. तासाभराने वर जाड थर आणि खाली पाणी दिसलं तर घाबरून ओतून देऊ नका, नारळाचा रस तसा बसतोच, ढवळा नि प्या. आणि कालवणातच भरपूर नारळ असेल त्या दिवशी नारळाशिवायची फुटी कढी करा, कोकमाचं पाणी नि हिंग-जिऱ्याची फोडणी, पोटाला हलकी.

आंबोळी आणि घावणे यात लोक फार गोंधळ करतात. आंबोळीचं पीठ तांदूळ, उडीद डाळ, थोडी मेथी घालून रात्रभर आंबवलेलं, ती जाड आणि जाळीदार, रस्सा शोषून घेते, म्हणून तिच्याबरोबर काळ्या वाटाण्याचं सांबारं. घावणे नुसत्या तांदळाचे, न आंबवता, पातळ, त्यांना गोड नारळाचा रस. रसात गूळ घालताना तो रस गरम नको, गारच रसात गूळ विरघळवा नि वेलची टाका. काळे वाटाणे १०-१२ तास तरी भिजले पाहिजेत, मग कुकरला ५-६ शिट्ट्या, आणि इथे एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा, कोकम वाटाणे मऊ झाल्यावरच घालायचं, आधी आंबट पडलं की कडधान्य कितीही शिजवा टणकच राहतं, माझ्या पुतण्याने तीनदा शिट्ट्या काढल्या तरी झाले नव्हते, कारण हेच होतं. भाजलेल्या कांदा-खोबऱ्याचं वाटप आणि मालवणी मसाला पण वाटाणे शिजल्यावरच.

पातोळ्यांची जोडी हळदीच्या पानाशी. पान श्रावण-भाद्रपदात जोरात असतं, थंडी पडली की वाळायला लागतं, त्यामुळे पातोळ्यांचा काळ तोच, नागपंचमीच्या आसपास. धुतलेल्या पानावर तांदळाच्या पिठाची सरबरीत पेस्ट पातळ लावा, अर्ध्या भागावर गूळ-खोबऱ्याचं सारण, पान दुमडा, १०-१५ मिनिटं वाफवा. वाफ लागली की पानातला वास पिठात उतरतो, पान खायचं नसतं. शहरात बरेच जण केळीच्या पानात करतात, आकार येतो पण वास येणार नाही, त्यापेक्षा कुंडीत हळदीचा एक कंद लावा, श्रावणापर्यंत घरचं पान मिळतं.

पावसाची जोडी वेगळीच. १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद, नारळीपौर्णिमेला दर्याला नारळ वाहिला की मग खऱ्या अर्थाने होड्या पुन्हा लोटतात. मधल्या काळात सुकी मासळीच आधार. जवळ्याबरोबर (बारीक सुकी कोळंबी) कैरी, सोड्यांबरोबर (सोलून सुकवलेली कोळंबी) वांगं किंवा बटाटा, आणि माझी सगळ्यात आवडती म्हणजे सोडे आणि फणसाच्या आठळ्या. जवळा आधी कोरडाच भाजायचा, मंद आचेवर, कुरकुरीत होईस्तो, मग पाण्याने धुवायचा, म्हणजे रेती खाली बसते. कैरी असेल तेव्हा आमसूल घालू नका, दोन आंबट एकत्र आले की मासळीची चवच कळत नाही.

रायगडात, पेण-अलिबागकडे, थंडीत पोपटी लावतात, म्हणजे मडक्यात शेंगा भाजतात. वालाच्या शेंगा आणि भांबुर्ड्याचा पाला ही तिकडची जोडी. मडक्याच्या तळाला पाला, मग शेंगा, जाडं मीठ, ओवा, हवी तर अंडी, तोंडाला पुन्हा पाला ठासून मडकं उलटं ठेवायचं नि भोवती पेंढा-काटक्या पेटवायच्या. पाण्याचा थेंब घालायचा नाही, पाल्याच्या आणि शेंगांच्या ओलाव्यावरच सगळं शिजतं, पाला ताजा हवा तो त्यासाठीच. बांधावर आपोआप उगवतो, विकत घ्यायची गरज नाही.

आठळ्या पावसासाठी कशा ठेवायच्या हे पण बऱ्याच जणी विचारतात. बरका किंवा कापा, कुठल्याही फणसाच्या चालतात. धुऊन, सावलीत कोरड्या करून लाल मातीत घोळवून टोपलीत ठेवा, एकमेकींना चिकटत नाहीत आणि लवकर वाळून टणक होत नाहीत. वापरताना धुवा, उकडा, वरचं पांढरं साल काढा, आणि सोडे कोमट पाण्यात १५ मिनिटं भिजवून मगच कांद्यावर परता, भिजवलेलं पाणी फेकू नका, गाळून त्यातच आठळ्या शिजवा.