फवारणी पंपाच्या इंजिनावर मॉडेल ड्रॅगस्टर : पत्रा कापायच्या आधीची तयारी

ड्रॅगस्टर म्हणजे सरळ रेषेत शर्यत पळणारी लांबट गाडी, आपण तिचं रिमोटवर पळणारं छोटं मॉडेल बनवतोय, आणि त्यात एक्झॉस्टचा पाइप सगळ्यात शेवटी. हे आधीच सांगून ठेवतो, कारण महिन्यातून एखादा तरी विचारतोच, दादा मॉडेल ड्रॅगस्टर बनवायलोय, एक्झॉस्टची साइज सांगा की. अरे पण इंजिन कुठलंय, त्याचा एक्झॉस्ट पोर्ट, म्हणजे सिलिंडरमधला धूर बाहेर जायचं भोक, किती अंश उघडा राहतोय, ताकद कितव्या आरपीएमला पाहिजे, हे ठरल्याशिवाय कसली साइज सांगू. मी पण पहिल्या वेळी हेच केलंय. दोस्ताच्या आरएक्स हंड्रेडचा सायलेन्सर डोळ्यापुढे ठेवून तसलाच पोट सुटलेला छोटा पाइप बनवून घेतला, आवाज लई कडक आला, गल्लीतली पोरं खूश, आणि गाडी मात्र पंपाच्या मूळ डबडा सायलेन्सरवर पळायची त्यापेक्षा मंद. म्हणून यावेळी उलट्या टोकाकडून सुरुवात केली आणि त्याच क्रमाने लिहितोय.

इंजिनासाठी सोलापुरात फार फिरायची गरज नाही. द्राक्ष नि डाळिंबवाल्या पाहुण्यांकडे पाठीवरचा पेट्रोल फवारणी पंप एक तरी बंद पडलेला असतोच, पंपाचा भाग गेलेला असतो आणि इंजिन चांगलं असतं. त्यातलं २६ सीसीच्या आसपासचं टू-स्ट्रोक घ्या, माझ्याकडचं ३४ मिमी बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि २८ मिमी स्ट्रोकचं (पिस्टन वर-खाली सरकतो ते अंतर) आहे. गवत कापायच्या मशीनचं ४३ सीसीवालं पण मिळतं पण पहिल्याच मॉडेलला ते नको, ताकद जास्त झाली की चेसिस, चाकं, ब्रेक सगळंच वाढवावं लागतं आणि खिसा फाटतो. घेताना दोरी ओढून कॉम्प्रेशन बघा, क्रँक बोटाने वर-खाली हलवून बेअरिंगचा प्ले बघा, एक्झॉस्टच्या भोकातून पिस्टनवर उभे ओरखडे आहेत का ते टॉर्च मारून बघा. ओरखडे असले तर पाहुण्यांचा चहा प्या आणि इंजिन तिथंच ठेवून या.

आता लीक टेस्ट, जी निम्मे लोक करतच नाहीत. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोल-हवेचं मिश्रण आधी खाली क्रँककेसमध्ये जातं आणि मग वर येतं, त्यामुळे खालच्या ऑइल सीलमधून किंवा गॅस्केटमधून चोरटी हवा आत आली की मिश्रण पातळ होतं, इंजिन तापतं आणि पिस्टन धरतो, मग तुम्ही पाइपला शिव्या घालत बसता. इनटेक आणि एक्झॉस्टची तोंडं जुन्या ट्यूबचं रबर आणि पत्र्याची पट्टी लावून बंद करा, प्लगच्या जागी नळी बसवा आणि घरातलं बीपी बघायचं जुनं मशीन जोडा, तोच रबरी फुगा नि तोच काटा. ३०० वर न्या, म्हणजे साधारण ०.४ बार, आणि मिनिटभर काटा जागेवर राहिला पाहिजे. उतरला तर साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा. बाबांनी एकदा बघितलं, म्हणाले, याचं बीपी तीनशे हाय का? म्हटलं हो, आणि उतरलं तर वाईट.

सील नवे, प्लग नवा, प्लगचा गॅप ०.६ मिमी, स्पार्क देणारी मॅग्नेटो कॉइल आणि फ्लायव्हीलमधलं अंतर ०.३ मिमी. फीलर गेज नसेल तर जाड लग्नपत्रिकेचा तुकडा चालतो, लग्नसराईनंतर घरात त्यांची कमी नसते. एक्झॉस्ट पोर्टमधला कार्बन बांबूच्या काडीने खरवडा, स्क्रू-ड्रायव्हरने नाही. पोर्ट घासून मोठा करायचा मोह होईल, तूर्त हात लावू नका. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर फरक कशाने पडला ते कळतच नाही.

मग मोजमाप. कंपासपेटीतले दोन कोनमापक पुठ्ठ्यावर समोरासमोर चिकटवले की पूर्ण ३६० अंशांची चकती होते, ती फ्लायव्हीलच्या नटावर बसवा आणि बॉडीला सायकलच्या स्पोकचा काटा बांधा. पिस्टन वरच्या टोकाला नेमका कधी येतो हे नजरेने कळत नाही कारण तिथं तो थोडा वेळ थांबल्यासारखाच असतो, म्हणून प्लगच्या भोकात नायलॉनचा स्टॉपर लावून इंजिन हाताने एका बाजूला अडेपर्यंत फिरवा, आकडा लिहा, मग दुसऱ्या बाजूला, तो आकडा लिहा, दोन्हीच्या बरोबर मध्ये टॉप डेड सेंटर. नंतर स्टॉपर काढून एक्झॉस्ट पोर्ट उघडायला लागतो तिथपासून पूर्ण बंद होतो तिथपर्यंत किती अंश ते मोजा. माझ्या इंजिनाचे १५० आले. तुमचे १४२ येतील नाहीतर १५८ येतील, माझे १५० उचलू नका, तीन वेळा मोजा.

हे अंश का पाहिजेत ते सांगतो. पोर्ट उघडला की जळालेल्या गॅसचा दणका पाइपातून पळत जातो. पाइप जिथं रुंद होत जातो, त्याला डिफ्युजर म्हणतात, तिथून उलटी ओढ परत येते आणि सिलिंडरमधला उरलेला धूर खेचून काढते, त्याबरोबर थोडं ताजं मिश्रणही बाहेर पाइपात येतं. पुढं पाइप परत निमुळता होतो, त्या कोनवर दणका आपटून माघारी येतो आणि बाहेर आलेलं ताजं मिश्रण पोर्ट बंद व्हायच्या आत परत सिलिंडरमध्ये ढकलतो. व्हॉल्व्ह नाही, कॅम नाही, सगळं काम आवाजाच्या लाटेवर. पूर्व जर्मनीतल्या एमझेड कारखान्यात वाल्टर काडेन यांनी १९५० च्या दशकात हे गणित रेसिंग इंजिनावर पक्कं बसवलं, आणि १९६१ मध्ये त्यांचा रायडर अर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडं पळून सुझुकीला जाऊन मिळाला, पुढच्याच वर्षी सुझुकीने ५० सीसीची वर्ल्ड चॅम्पियनशिप घेतली. एवढ्याशा पत्र्याच्या नळीमागं केवढं राजकारण.

तर परत येणारी लाट वेळेत पोचली पाहिजे, यातच सगळं आलं. गरम गॅसमध्ये आवाज सेकंदाला साधारण ५०० मीटर पळतो असं धरा. ५०० गुणिले तुमचे अंश, आणि त्याला भागिले १२ गुणिले आरपीएम, उत्तर मीटरमध्ये. मला १०,००० ला ताकद पाहिजे होती, म्हणजे ५०० गुणिले १५० झाले ७५,०००, भागिले १,२०,०००, उत्तर ०.६२५ मीटर. पिस्टनच्या कडेपासून शेवटच्या निमुळत्या कोनच्या मध्यापर्यंत सव्वासहाशे मिमी. माझा तो पहिला पाइप जेमतेम साडेतीनशेचा होता, तो जुळायला इंजिन जवळजवळ अठरा हजारांवर फिरायला पाहिजे होतं, मग गाडी मंद नाही तर काय होणार. या सव्वासहाशेची वाटणी अशी केली, सुरुवातीची सरळ नळी २० मिमी व्यासाची १९० लांब, डिफ्युजर २० पासून ५० पर्यंत वाढत जाणारा १५० लांब, मधलं पोट ५० व्यासाचं २४० लांब, आणि शेवटचा कोन ९० लांब ज्याचा अर्धा म्हणजे ४५ धरायचा. त्यापुढं बारीक नळी, स्टिंगर, १२ मिमीची. ती अजून बारीक केली तर गरम गॅस कोंडून इंजिन भाजतं आणि फार मोठी केली तर माघारी येणारा जोर जातो, सुरुवातीच्या नळीच्या सहा दशांश व्यास धरला की बरं चालतं.

कागदावर कोन उलगडायचं गणित घाबरण्यासारखं नाही. आपल्याकडं यंत्रमागवाल्यांच्या घरात सुताचे रिकामे पुठ्ठ्याचे कोन पडलेले असतात, एक उभा चिरून सपाट करा, पंख्यासारखा आकार दिसेल, तेच करायचंय. वरच्या डिफ्युजरसाठी मोठी त्रिज्या २५१ मिमी, छोटी १००.५, आणि पंख्याचा कोन जवळजवळ ३६ अंश. आधी लग्नपत्रिकेच्या पाकिटाच्या कागदात कापून चिकटवून बघा, मग पत्र्यावर आखा. जोडाला दोन मिमी जास्त सोडायचे की नाही हे वेल्डिंगवाल्याला विचारून ठरवा, काही जण काठाला काठ लावून मारतात.

पत्रा सीआरसी म्हणजे कोल्ड रोल्ड, ०.८ किंवा १ मिमी. तेलाच्या डब्याचा पत्रा लई पातळ, थरथरून फाटतो. आणि जीआय म्हणजे गॅल्व्हनाइज्ड पत्रा अजिबात नको, वेल्डिंग करताना जस्ताचा धूर निघतो आणि वेल्डिंग करणारा माणूस थंडी-तापाने झोपतो. आर्क वेल्डिंगने एवढ्या पातळ पत्र्याला भोकं पडतात, म्हणून गाड्यांचं डेंटिंग करणारा गॅस वेल्डिंगवाला गाठा. अक्कलकोट रोडकडचे आमचे अण्णा कागदाचा नमुना बघून म्हणाले, ‘‘काय करायलास बे हे, तुतारी का?’’ पण जोड असला गुळगुळीत दिला की आतून बोट फिरवलं तरी लागत नाही, आणि आतून गुळगुळीत असणं महत्त्वाचं, बाहेरून कसा का दिसेना. सरळ नळी मात्र २५ मिमी जास्त लांब ठेवा आणि पाइप तिच्यावर सिलिकॉनच्या तुकड्याने सरकवून क्लिप लावा, म्हणजे कापायला जागा राहते.

चेसिसबद्दल थोडक्यात. खरा टॉप फ्युएल, म्हणजे सगळ्यात वेगवान वर्गातला, ड्रॅगस्टर ३०० इंच व्हीलबेसचा (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) असतो, आपल्या १:८ म्हणजे आठपट लहान मॉडेलला ते ९५ सेंमी येतं, दोन लांब चौकोनी पाइप, इंजिन मागच्या चाकांच्या लगेच पुढं, पुढची चाकं सायकलच्या बेअरिंगवर बारीक, मागं व्हीली बार, म्हणजे गाडीचं तोंड वर उचलू न देणारा दांडा, पाहिजेच. मागची चाकं सामानाच्या ट्रॉलीची लावू नका, ती अडीच हजार आरपीएमला फुटून रबर उडतं, १:८ आरसी (रिमोटवरच्या) बगीची तयार चाकं मागवा. १२० मिमीच्या चाकाला क्लचपासून एकास पावणेचारचा रेशो ठेवला की १०,००० ला ताशी ६० किमी होतात, तेवढं आपल्याला पुरे. ड्रॅग रेसचं जुनं अंतर पाव मैल म्हणजे ४०२ मीटर, १:८ ला ५० मीटर. टॉप फ्युएलवाले २००८ पासून १,००० फूटच पळतात, पण आपण जुन्या पद्धतीने पूर्ण पन्नास मीटर आखू.

पैसे वाचवायचे असतील तर रंगात वाचवा, रिसीव्हरमध्ये नाही. सिग्नल तुटला की थ्रॉटल बंद होईल असं फेलसेफ सेट करा आणि गाडी उचलून धरून रिमोट बंद करून खरंच बंद होतंय का ते बघा. त्याशिवाय वेगळा किल स्विच, जो मॅग्नेटोच्या कॉइलची वायर बॉडीला टेकवतो की स्पार्क मरतो. कार्ब्युरेटरला परत ओढणारी स्प्रिंग. या तिन्ही गोष्टी नसतील तर गाडी जमिनीवर ठेवायचीच नाही, सहा किलोचं धूड ६० च्या स्पीडने कोणाच्या पायात गेलं तर हाड मोडतं.

जागा म्हणजे सार्वजनिक रस्ता नव्हे, होटगी रोडकडं तर नकोच, तिथं विमानतळ आहे. चिंचोळी एमआयडीसीत ओळखीच्या कारखान्याच्या कंपाउंडमधला सिमेंटचा रस्ता सुट्टीच्या दिवशी मालकाला विचारून घेतला. वेळ सकाळी सहा, कारण मे महिन्यात दुपारी ४४ च्या उन्हात हवा विरळ झालेली असते आणि सकाळचं ट्युनिंग दुपारी कामाचं राहत नाही. सोबत कोरड्या पावडरचा फायर एक्स्टिंग्विशर, वाळूची बादली, आणि एक जुनी सोलापुरी चादर भिजवून पिळून. कानात बोळे. पेट्रोल गरम इंजिनात ओतायचं नाही, दहा मिनिटं थांबायचं, तोपर्यंत शेंगाचटणी-भाकरी. आणि पत्र्याच्या शेडमध्ये दार लावून इंजिन सुरू करायचं नाही, त्या धुराचा वास कळायच्या आत माणूस आडवा होतो.

पेट्रोल ताजं घ्या, हल्ली २० टक्के इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं आणि जुन्या रबरी नळ्या नरम करतं, त्यामुळे नळ्या नव्या लावा. पहिल्या तीन-चार टाक्या लिटरला ४० मिली टू-टी ऑइल, नंतर २५. कार्ब्युरेटरच्या दोन्ही सुया दीड-दीड आटे उघड्या ठेवून सुरू करा आणि पहिल्या टाक्या मूळ डबडा सायलेन्सरवरच संपवा.

मग पाइप. तो लावला की इंजिन जास्त मिश्रण ओढायला लागतं, म्हणून एच सुई, म्हणजे फुल थ्रॉटलचं पेट्रोल ठरवणारी, आधी आट्याचा आठवा हिस्सा उघडा. फुल थ्रॉटलवर पन्नास मीटर पळवा, रेषा ओलांडताना किल मारा, प्लग काढून रंग बघा. बिस्किटासारखा तपकिरी आला तर बरोबर, पांढरट आला तर थांबा, सुई अजून उघडा, काळा ओला आला तर थोडी बंद करा. रंग जमल्याशिवाय पाइपला हात नाही. जमला की सरळ नळी पाच मिमी कापा, परत तीन रन, मोबाइलवर व्हिडिओ काढून वेळ लिहा. नळी आखूड झाली की ताकद वरच्या आरपीएमला सरकते, एका टप्प्यावर सुरुवातीचा उठाव मरायला लागतो आणि क्लच लागला की गाडी घुटमळते. तिथून एक पाऊल मागं. माझी दोनदा कापून झाली, तिसऱ्या कापणीला घुटमळली, मग आधीचा कापलेला पाच मिमीचा तुकडा अण्णांकडून परत जोडून आणला. ‘‘तुतारी वाजली नाही का?’’ म्हणाले. म्हणून कापलेले तुकडे फेकू नका, आकडा लिहून डबीत ठेवा.

निघताना टाकी रिकामी करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू ठेवा, म्हणजे कार्ब्युरेटर कोरडा होतो, आणि पाइप स्टिंगर खाली करून डब्यात उभा ठेवा, त्यातून काळं तेल तासभर ठिबकत असतं. मी तो रात्री पलंगाखाली आडवा ठेवला होता, चादरीवरचा डाग अजून गेलेला नाही.