समुपदेशनातलं एम.ए.: दोन वर्षांत काय, कधी आणि कसं उरकायचं

गुणपत्रिका चार सत्रांची असते, पण समुपदेशन मानसशास्त्राच्या विद्यार्थ्याचा खरा हिशेब तासांच्या रजिस्टरमध्ये असतो. पेपर शेवटच्या पंधरवड्यात रात्री जागून निघतात. माणसासमोर बसल्याचे तास तसे निघत नाहीत. म्हणून पहिल्याच आठवड्यात जाड पुठ्ठ्याचं रजिस्टर घ्या आणि सहा रकाने आखा: तारीख, ठिकाण, कामाचा प्रकार, मिनिटं, केसचा सांकेतिक क्रमांक, सुपरवायझरची सही. सही त्याच आठवड्यात घ्यायची. वर्षाच्या शेवटी एकाच पेनाने, एकाच दिवशी मारलेल्या चाळीस सह्या परीक्षकाला लांबूनच ओळखू येतात.

प्रवेशाआधी पदवीचं नाव वाचा

एम.ए. झालं की समुपदेशक म्हणून काम करता येतं. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ अशी पाटी लावायला मात्र भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, आणि ती परिषदेने मान्य केलेला वेगळा अभ्यासक्रम केल्याशिवाय मिळत नाही. हा फरक अनेकांना दुसऱ्या वर्षी कळतो. दूरस्थ शिक्षणाचा विचार असेल, तर मानसशास्त्राचे दूरस्थ आणि ऑनलाइन अभ्यासक्रम जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून विद्यापीठ अनुदान आयोगाने (यूजीसी) बंद केले आहेत, हे ध्यानात ठेवा. अजूनही ‘घरबसल्या काउन्सेलिंगचं एम.ए.’ विकणारा भेटला, तर पैसे भरण्याआधी मान्यतेचा कागद मागा.

कामाची वाट मराठवाड्यात बंद नाही. ग्रामीण रुग्णालयांतलं एचआयव्ही समुपदेशन, किशोरवयीन मुलामुलींची मैत्री क्लिनिकं, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम, अत्याचारग्रस्त महिलांसाठीची सखी केंद्रं, शाळा-महाविद्यालयं ही नेहमीची ठिकाणं. त्यात जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने १०० किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शैक्षणिक संस्थांनी किमान एक पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता ठेवावा, असे निर्देश दिले. खासगी शिकवण्यांनी गजबजलेल्या लातूरच्या ट्यूशन एरियात फिरून आलेल्याला त्याचा अर्थ वेगळा सांगावा लागत नाही.

पहिलं सत्र: तिघांचा रोल प्ले

संशोधन पद्धतीचा पेपर आणि चाचण्यांची जर्नल वही यांत हे सत्र जातं. तरी आठवड्यातून दोनदा तिघांनी बसायचं. एक समुपदेशक, एक क्लायंट, एक निरीक्षक. १० मिनिटं बोलणं, ५ मिनिटं निरीक्षकाचं सांगणं, मग जागा बदला. पाऊण तासात तिघांची पाळी होते. निरीक्षकाने कागदावर फक्त तीन गोष्टींच्या रेघा मारायच्या: हो-नाहीत उत्तर येणारे प्रश्न किती, सल्ले किती, आणि क्लायंटचं वाक्य मध्येच किती वेळा तोडलं. पहिल्या महिन्यात सल्ल्यांच्या रेघा सगळ्यांत जास्त निघतात. ‘मग तुम्ही असं करा ना’ हे तोंडून गेलं, की समोरचा मान डोलावतो आणि बोलायचं थांबतो.

दुसरी अडचण भाषेची, आणि ती क्रमिक पुस्तकं सांगत नाहीत. वर्गात शिकलेली इंग्रजी वाक्यं जशीच्या तशी मराठीत आणली, की ‘तुम्हाला दुःखी वाटत आहे असं मला ऐकू येतंय’ असलं काहीतरी तयार होतं. ऐकणारी बाई तोंडाकडं बघत राहते. तिथं ‘लई जिवाला लागलं ते तुमच्या’ एवढं पुरतं. ‘तुम्हाला याबद्दल कसं वाटतं?’ या प्रश्नाला गावाकडं एकच उत्तर येतं: ‘काय वाटणार?’ त्याऐवजी दिवस विचारा. रात्री झोप लागली का, जेवण गेलं का, सकाळी उठल्यावर पहिलं काय मनात आलं. लक्षणं सांगायची तऱ्हा इथली आहे: करमंना, जीव लागंना, डोक्यात मुंग्या येतात, काळजात धडधड होतं, अंगात कसंतरी होतंय. हे शब्द एका वहीत गोळा करत जा. आपल्या भागात दखनी उर्दू आणि बंजारा बोली बोलणारे क्लायंट येतातच, तर त्यांचेही नेमके शब्द बाजूला लिहून ठेवा.

दुसरं सत्र: परवानगीचं पत्र आणि कॅलेंडर

नव्या शैक्षणिक धोरणाच्या रचनेत दुसऱ्या सत्रात प्रत्यक्ष कार्यानुभव किंवा क्षेत्रप्रकल्प ४ श्रेयांकांचा (क्रेडिटचा) असतो. कार्यानुभवाचे धरले तर साधारण १२० तास. रोज ३ तास धरले तरी ४० दिवस होतात, आणि त्यात पत्राला लागणारे दिवस धरलेले नाहीत. जिल्हा रुग्णालयासाठी पत्र जिल्हा शल्यचिकित्सकांच्या नावे जातं, जिल्हा परिषदेच्या शाळांसाठी शिक्षणाधिकाऱ्यांच्या. विभागप्रमुखांच्या सहीवर जावक क्रमांक पडलाय का ते आधी बघा. दोन प्रती न्या, एकीवर पोच घ्या. पोच नसेल तर तुमचं पत्र टेबलावर आलंच नव्हतं, असं समजून चाला. पत्र सत्र सुरू होण्याच्या किमान महिनाभर आधी द्यावं.

ठिकाण निवडताना कॅलेंडर समोर ठेवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षा असतात, त्यामुळे शाळा तुम्हाला वर्गात घेत नाही. मे महिन्यात शाळेत कुणी नसतं. नीटचा पेपर मे महिन्यात असतो, म्हणून लातूरच्या वसतिगृहांत गर्दी आणि ताण दोन्ही त्याआधी शिगेला पोचतात. बीडच्या ऊसतोड पट्ट्यात काम करायचं म्हणाल, तर दसरा-दिवाळीनंतर गावं रिकामी होतात आणि साखर कारखान्याचा पट्टा पडल्यावर, म्हणजे गाळप संपल्यावरच माणसं परततात.

पहिलं सेशन

पहिल्या पाच मिनिटांत गोपनीयता आणि तिच्या मर्यादा दोन्ही सांगायच्या. ‘इथलं बोलणं बाहेर जाणार नाही. तुमच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका दिसला, किंवा लहान लेकरावर अत्याचार झाल्याचं कळलं, तर मला सांगावं लागेल.’ हे नंतर सांगून चालत नाही. पोक्सो या बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याच्या कलम १९ प्रमाणे १८ वर्षांखालच्या मुलावरच्या लैंगिक अत्याचाराची माहिती पोलिसांना देणं सक्तीचं आहे, आणि न देणं हा गुन्हा आहे. बालविवाह झालेली सतरा वर्षांची गरोदर मुलगी समोर आली, तरी हा कायदा लागू होतो. अशी केस आली की एकट्याने काही ठरवू नका. त्याच दिवशी सुपरवायझर आणि संस्थेच्या प्रमुखांना कळवा.

तालुक्याच्या गावात ओळखपाळख टळत नाही. म्हणून पहिल्याच भेटीत ठरवून टाका: ‘बाजारात दिसलो तर मी आधी ओळख दाखवणार नाही. तुम्ही बोललात तर बोलेन.’ वयाने मोठ्या बाईला मावशी किंवा काकू म्हणायला हरकत नाही. मॅडम-मॅडम केलं तर ती आखडून बसते. पण मावशीच्या घरी जेवायचं आमंत्रण नम्रपणे नाकारायचं. सासू सोबत येऊन खुर्ची ओढून बसली, तर तिला उठवू नका. १० मिनिटं तिचंही ऐका, मग ‘आता जरा ताईंशी एकटं बोलते’ असं म्हणून दारापर्यंत सोडून या. बहुतेक वेळा जमतं.

‘औषध घेतलं’ म्हणजे काय

नव्या विद्यार्थ्याच्या नोंदीत एक चूक वारंवार सापडते. क्लायंट म्हणतो, ‘मागच्या साली मी औषध घेतलं होतं.’ नोंदीत लिहिलं जातं: पूर्वी औषधोपचार सुरू होते. गावाकडं ‘औषध घेतलं’, ‘औषध पिलं’ याचा अर्थ फवारणीचं विष पिलं असाही होतो, आणि इथे बहुधा तोच असतो. ऐकलं की तिथंच विचारा: ‘गोळ्या-औषध, की फवारणीचं?’

जीव देण्याबद्दल थेट विचारायचं. विचारल्याने ते डोक्यात शिरतं ही भीती खोटी आहे. क्रम असा: जीव द्यावा असं मनात येतं का, कधीपासून, कसं करायचं ठरवलंय का, ती वस्तू घरात आहे का, आधी कधी असं केलं होतं का. फवारणीचा डबा घरात असेल, तर तो आजच हलवायचा. कुलपात ठेवून किल्ली घरातल्या दुसऱ्या माणसाकडे, नाहीतर सरळ शेजाऱ्याकडे. माणूस एकटा सोडायचा नाही. सुपरवायझरला तिथूनच फोन, ठरलेली योजना असेल तर थेट जिल्हा रुग्णालय. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो. तो कागदावर लिहून हातात द्या. पोलीस केस होईल या भीतीने घरचे लपवतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ असा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र ताणाखाली होती असं गृहीत धरतं आणि तिला शिक्षा होत नाही, हे त्यांना समजेल अशा शब्दांत सांगा.

पीएचक्यू-९ ही नैराश्य मोजायची नऊ प्रश्नांची यादी भरून घेतलीत, तर बेरीज करण्याआधी नववा, मरणाच्या विचारांचा प्रश्न बघा. एकूण गुण ६ आले म्हणून ‘सौम्य’ लिहायचं आणि नवव्यातला १ नजरेआड करायचा, असं चालत नाही.

नोंदी आणि सुपरव्हिजन

केसला ‘एन-०७’ असा क्रमांक द्या. क्रमांक आणि नावाची यादी वेगळ्या कुलपात. गावाचं नाव, आडनाव, नवऱ्याचा हुद्दा यांतलं काहीच जर्नलमध्ये नको. छोट्या गावात ‘ग्रामसेवकाची बायको’ म्हटलं की नाव सांगितल्यासारखंच आहे. व्हॉट्सॲपवर केसचे फोटो किंवा व्हॉइस नोट पाठवायची नाही, सुपरवायझरने मागितली तरी.

रेकॉर्डिंगला लेखी संमती हवी. पूर्ण ४५ मिनिटं उतरवत बसू नका. जिथे बोलणं अडलं अशी १० मिनिटं निवडा. तेवढ्यालाच दोन तास जातात. तीन रकाने करा: क्लायंटचं वाक्य, माझं वाक्य, त्याजागी काय म्हणता आलं असतं. क्लायंट ‘करमंना’ म्हणाला असेल तर ‘करमंना’च लिहा. त्याची प्रमाण मराठी केली की भावनाही धुऊन निघते. सुपरव्हिजनला जाताना एकच प्रश्न घेऊन जा. ‘केस कशी वाटली?’ असं विचारलं तर ‘ठीक’ एवढंच उत्तर मिळतं. ‘ती रडायला लागली तेव्हा मी विषय का बदलला?’ असं विचारलं तर अर्धा तास कामाचा जातो.

तिसरं-चौथं सत्र: प्रकल्प

संशोधन प्रकल्पाला तिसऱ्यात ४ आणि चौथ्यात ६ श्रेयांक. ३० मुलं, ३० मुली, एक मापनी आणि दोन गटांच्या सरासरीतला फरक तपासणारी टी-टेस्ट हा साचा आता परीक्षकांनाही पाठ झालाय. विषय कुठलाही घ्या, पण नमुना कोणत्या महिन्यात सापडेल हे आधी बघा. ऊसतोड महिलांवर विषय घेऊन डिसेंबरात गावात गेलेल्याला म्हातारी माणसं आणि लेकरंच भेटतात. इंग्रजी मापनीचा अनुवाद एका रात्रीत स्वतः करू नका. एकाने मराठी करायचं, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने परत इंग्रजी करायचं, फरक पडलेली वाक्यं दुरुस्त करून दहा जणांवर वापरून बघायचं. साहित्यचोरीच्या तपासणीत १० टक्क्यांपर्यंतचं साम्य यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत चालतं. ४० पर्यंत गेलं तर सुधारून पुन्हा द्यावं लागतं.

केस बंद करणं

याच्याकडं सगळ्यांत जास्त दुर्लक्ष होतं. तुमचं सत्र एप्रिलमध्ये संपणार हे क्लायंटला शेवटच्या दिवशी सांगायचं नसतं. चार भेटी आधी सांगा, आणि दर भेटीत ‘आता तीन राहिल्या’ असं मोजत जा. काम उरलं असेल तर पुढच्या माणसाची एकदा समोरासमोर गाठ घालून द्या, नुसती चिठ्ठी देऊ नका. तुमचा खासगी मोबाइल नंबर देऊ नका. दिलात तर पुढची दोन वर्षं रात्री अकराला फोन येतो आणि तुमच्या हाताशी ना सुपरवायझर असतो ना संस्था. त्यानंतर रेकॉर्डिंग पुसा, नाव-क्रमांकाची यादी संस्थेत जमा करून पोच घ्या, आणि तासांच्या प्रमाणपत्रावर गोल शिक्का, सही, हुद्दा, एकूण तासांचा आकडा हे चारही बघूनच टेबल सोडा. साहेबांची बदली बहुधा एप्रिल-मेमध्येच होते.