शाळूचं पाणी मोजायचं कसं: हजार लिटरमागे किती दाणा वाढला?

खानापूरच्या घाटात पाऊस हटत नाही, आणि त्याच बेळगाव जिल्ह्यात अथणीच्या पूर्वेला, तेलसंगच्या बाजूला, शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी, जमिनीतल्या ओलीवर काढावा लागतो. बोअर असली तरी तिचं पाणी साऱ्या रानाला पुरत नाही. अशा ठिकाणी एकरी किती पिकलं यापेक्षा हजार लिटर पाण्यामागे दाणा किती वाढला, हे बघायला हवं.

आधी मोटरचं पाणी मोजा. 200 लिटरचा ड्रम बोअरपाशी नको, रानात पाइपाच्या तोंडाशी ठेवा. मधली गळतीही हिशेबात आली पाहिजे. मोटर सुरू केल्यावर अर्धा तास थांबा. बोअरची पातळी खाली गेली की धार बारीक होते, त्यामुळे सुरुवातीचा आकडा फसवा असतो. ड्रम तीनदा भरून सरासरी काढा. 40 सेकंदांत भरत असेल, तर ताशी 18,000 लिटर.

एका एकरावर 1 मिलिमीटर पाणी म्हणजे 4,047 लिटर. 50 मिलिमीटरच्या पाळीला (एका वेळच्या पाण्याला) सुमारे 2 लाख 2 हजार लिटर लागतात, म्हणजे याच मोटरने साधारण सव्वाअकरा तास. तेवढे तास झाले की मोटर बंद.

एकच पाळी शक्य असेल तर ती पोटरीत, म्हणजे कणीस बाहेर पडण्याआधी पानाच्या आवरणात असताना, पेरणीपासून 50 ते 55 दिवसांनी द्या. दुसरी फुलोऱ्यात, 70 ते 75 दिवसांनी. काळ्या रानात भेगा रुंदावेपर्यंत थांबू नका. करंगळी शिरेल एवढी भेग पडली की पाणी साऱ्यात (पाणी द्यायला बांध घालून पाडलेल्या लांब पट्ट्यात) पुढे सरकतच नाही, तिथल्या तिथे मुळांच्या खाली उतरतं. वरचा सारा तुडुंब आणि शेवटचा कोरडा. म्हणून पाळीआधी दातेरी कोळपं (दोन ओळींमधली माती हलवायचं अवजार) फिरवून भेगा बुजवून घ्या. पाण्यानंतर दोन दिवसांनी लोखंडी सळई दाबून पाहा. ओल आहे तिथपर्यंत ती सहज जाते, कोरड्याला लागली की अडते. दोन्ही टोकांना खोली सारखी नसेल तर सारे लांब झालेत किंवा उतार चुकलाय.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि नेमकं हेच कुणी करत नाही: एकसारख्या जमिनीत एकेक गुंठ्याचे (33 × 33 फूट) तीन तुकडे आखा. एक कोरडा, एक एका पाण्याचा, एक दोन पाण्यांचा. कोरडा तुकडा पाटापासून लांब ठेवा, नाहीतर झिरप्याने तोही भिजतो. मळणी वेगवेगळी करा, दाणा वाळवून वजन करा आणि 40 ने गुणा.

समजा कोरड्यात 12.5 किलो, एका पाण्यावर 17.5 आणि दोन पाण्यांवर 20 किलो दाणा आला. एकरी धरलं तर 5, 7 आणि 8 क्विंटल. पहिल्या पाळीने 200 किलो वाढवले, म्हणजे हजार लिटरमागे जवळपास 1 किलो. दुसरीने 100 किलोच, म्हणजे अर्धा किलो. शेजारी शाळूचाच कोरडवाहू एकर असेल तर दुसरी पाळी तिकडे पोटरीत द्या. तेवढ्याच पाण्यात दाणा दुप्पट वाढेल.

जनावरं असतील तर कडबाही तुकड्यागणिक तोला. दुसऱ्या पाळीचा फायदा कधी कधी कणसापेक्षा ताटात (धांड्यात) जास्त दिसतो, आणि मग निर्णय बदलू शकतो.